आधी पाणी, मग पेटी

कचरू मास्तरांच्या दारावर पत्र्याची पाटी होती. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं: कचरू सहादेव भिंगारदिवे, संगीत शिक्षक. मिरजगावच्या बाजारात पाटी रंगवणाऱ्यानं त्यांच्या भल्यासाठीच सुचवलं होतं, की मास्तर, नुसतं 'के. एस.' लिहू का, बरं दिसेल. मास्तरांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून आईनं नाव ठेवलं होतं कचरू. मास्तर पेंटरला म्हणाले, "आईनं जगवायसाठी ठेवलेलं नाव हाय. ते झाकून मी लोकांना काय शिकवू?" मग पाटीवर 'कचरू' पूर्ण आलं, आणि बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा मोठंच आलं.

एवढ्यावरून माणूस कळावा. नाही कळला तर पुढचं ऐका.

गाव मिरजगावच्या अलीकडचं. हमरस्त्यावर फाट्याला उतरायचं आणि आत चालत जायचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर चार लोक भांडायला येतील, आणि त्यांतले तीन मास्तरांचेच विद्यार्थी निघतील. ज्वारीचं कोरडवाहू गाव. होळी झाली की विहिरींचे तळ दिसायला लागायचे आणि मग टँकरची वाट बघणं हेच बायांचं काम होऊन बसायचं.

बौद्धवाड्यातलं शेवटचं घर मास्तरांचं. पुढं लिंबाचं झाड. पुढच्या खोलीत सतरंजी, पेटी, तबला-डग्गा, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. आणि दारातून आत आलं की डाव्या हाताला माठ, माठावर पितळी तांब्या. शिकायला आलेल्यानं आधी तो तांब्या भागिरथीबाईंच्या हातून घ्यायचा, तोंडाला लावून पाणी प्यायचं आणि मगच पेटीला हात लावायचा. एखादं पोरगं न पिताच सतरंजीवर बसलं तर मास्तर ओरडत नसत. पेटीचा भाता बंद करून ठेवायचे आणि म्हणायचे, "तहान लागली की ये."

भागिरथीबाई मास्तरांच्या मंडळी. त्यांच्या हातचंच पाणी का, तर त्यामागं एक दुपार होती.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. मास्तरांचा हात जलशात पेटी वाजवून तयार झालेला. नगरला जाऊन संगीताच्या परीक्षाही दिलेल्या. गावात रतनबाईंचं खटलं मोठं, दोन विहिरी, बैलांच्या दोन जोड्या. त्यांच्या धाकट्या दिराला भजनाचा नाद आणि त्याला पेटी शिकायची होती, म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. मास्तर त्यांच्या ओसरीवर बसून शिकवायचे. वाड्यातल्या माणसाला ओसरीवर घेतलं, हेच गावाला केवढं वाटायचं. खरं सांगायचं तर मास्तरांनाही वाटायचं.

चैत्रातल्या एका दुपारी भागिरथीबाई नवऱ्याची भाकरी घेऊन तिथं आल्या. पोटात जयमाला होती. उन्हातून चालून जिभेला कोरड पडलेली. अंगणात उभं राहून त्यांनी पाणी मागितलं. रतनबाई काही वाईट बाई नव्हत्या. पाण्याला नाही म्हणणाऱ्यातल्या तर नव्हत्याच. त्यांनी तांब्या भरून आणला, भागिरथीबाईंना ओंजळ धरायला सांगितली आणि वरून, आपला पदर सावरत, हातभर उंचीवरून धार सोडली. पोटुशी बाई वाकून प्यायली. निम्मं तोंडात गेलं, निम्मं लुगड्यावर.

ओसरीवर पेटी मधेच थांबली. मास्तरांनी भाता लावला, पेटी खांद्यावर घेतली आणि पायात वहाणा घातल्या. दीर म्हणाला, "अहो मास्तर, अलंकार अर्धाच राहिला की." मास्तर म्हणाले, "राहू द्या."

घरी आल्यावर मास्तरांनी तांब्या भरून बायकोच्या हातात दिला. "तोंडाला लावून पी," म्हणाले. ती पिईपर्यंत समोर उभे राहिले आणि मग बोलले, "आजपासनं कुनाच्या दारी शिकवाय जायाचं न्हाई. ज्याला सूर पायजे त्यो हितं यील. आनि तुझ्या हातचं पानी पिल्याबिगर माझ्या पेटीला कुनाचं बोट लागनार न्हाई."

वाड्यातले म्हातारे समजावायला आले. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणाले. गावचे लोक हसले. कोण येणार आहे मरायला वाड्यात, म्हणाले. मास्तरांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि पाटी रंगवायला मिरजगावला गेले.

आणि लोक आले. भजनी मंडळाला पेटीवाला हवा होता, शाळेच्या गॅदरिंगला गाणी बसवायची होती, पोरांना हौस होती, आणि आसपासच्या गावांत दुसरा शिकवणारा नव्हता. गरजेपुढं सोवळं किती टिकतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण लोकांना ताकालाही जायचं होतं आणि भांडंही लपवायचं होतं. पोरं ओढ्याच्या वाटेनं, मागच्या बाजूनं यायची. एकाच्या गळ्यात त्याच्या आईनं वॉटरबॅग अडकवून दिली होती. मास्तरांनी ती काढून लिंबाच्या फांदीला टांगली आणि म्हणाले, "हितं तिला कुनी हात लावनार न्हाई. जाताना ने."

सगळ्यांत नवल म्हणजे रतनबाईंचा थोरला, राधाकृष्ण, तोच शिकायला आला. बारा-तेरा वर्षांचा होता. पेटीसाठी त्यानं घरात अन्न सोडलं होतं. गावात आणि वाड्यात त्याला राधाकिसन म्हणायचे. भागिरथीबाईंनी तांब्या दिला तेव्हा त्यांच्या मनात ती दुपार आली, पण पोराचा काय दोष, असं म्हणून त्यांनी हात आखडला नाही. पोरानं तांब्या तोंडाला लावला. मास्तरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते भागिरथीबाईंनी एरवी फक्त पोरं झाली तेव्हा बघितलं होतं.

राधाकिसनाचा हात देवानं दिलेला म्हणावा असा होता. मास्तर देव मानत नसत, ते म्हणायचे, रियाजानं दिलेला. शाळा सुटली की पोरगं सरळ इथं. भूप आठवड्यात, यमन महिन्याभरात. मास्तरांनी त्याला पोटच्या पोरासारखा जीव लावला.

भागिरथीबाईंना एक सवय होती. संध्याकाळी लिंबाखालचं झाडून काढायच्या. एकदा झाडताना त्यांना बुंध्याच्या मागच्या बाजूला माती ओली दिसली. त्या दिवसांत तिथं ओलं असायचं काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ओली. तिसऱ्या दिवशी त्या सरपणाच्या आड उभ्या राहिल्या. राधाकिसन तांब्या तोंडाला लावून बाहेर आला, गाल फुगलेले. झाडामागं गेला, पचकन थुंकला, बाहीनं तोंड पुसलं आणि आत जाऊन सतरंजीवर मांडी घालून बसला. आतून भूपाचा स्वच्छ सूर यायला लागला.

त्याला घरून शिकवूनच पाठवलं होतं, हे कळायला फार डोकं लागत नव्हतं. भागिरथीबाईंच्या अंगाची लाही झाली. पण नवऱ्याला सांगावं तर तो त्या घडीला पेटी बंद करणार, पोरगं जाणार, पोरापाठोपाठ गाव जाणार, आणि जयमालेच्या पाठीवर प्रवीण नुकता रांगायला लागलेला. दगडाखाली हात अडकलेला. त्या गप्प बसल्या आणि लिंबाखालचं झाडत राहिल्या.

युक्ती मग राधाकिसनापुरती राहिली नाही. पेटी मास्तरांनी शिकवली, थुंकायला पोरांनी पोरांना शिकवलं. पिणारेही होते, नाही असं नाही. पण ओली माती कधी वाळली नाही.

आता मास्तरांचं घरातलं सांगतो, नाहीतर वाटेल माणूस नुसता ताठच होता. बाहेर ताठ होता, घरात लोण्यासारखा. भागिरथीबाईंचा हात विहिरीच्या पायरीवर घसरून मोडला, तेव्हा भाकरी मास्तरांनी थापली आणि जयमालेची वेणीही मास्तरांनीच घातली. तीन पेड म्हणजे दादरा, असं म्हणत ठेका धरून वेणी घालायचे. एक पेड सुटला की पोरगी ओरडायची, "बाबा, सम चुकली." टँकर गावाच्या वेशीवर थांबायचा. तिथून सायकलला दोन कॅन लावून मास्तर स्वतः पाणी आणायचे. पारावरचे हसायचे, "मास्तर, बायकांचं काम करता व्हय." मास्तर सायकल न थांबवता म्हणायचे, "पितो की मीबी."

आणि रोज संध्याकाळी, शिकवणी आटोपली की मास्तर चुलीजवळ पेटी घेऊन बसायचे. भागिरथीबाई भाकरी थापायच्या आणि त्या थापण्याच्या ठेक्यावर मास्तर वाजवायचे. ते वाजवणं कुठल्या विद्यार्थ्यानं ऐकलेलं नाही. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की पेटी बंद व्हायची, आणि मास्तर ती भाकरी अर्धी करून बायकोच्या पुढ्यात ठेवायचे. बाहेरगावी कार्यक्रम असला तरी मुक्काम कधी केला नाही. मिळेल त्या ट्रकनं, नाहीतर पायी, घरी.

ब्याण्णवचा उन्हाळा सगळ्यांच्या लक्षात आहे. टँकर दिवसाआड, तोही आला तर. सायकलची चाकं गेलेली, त्यामुळं भागिरथीबाई वेशीवरून डोक्यावर हंडे आणत होत्या. असाच हंडा उतरवून त्या उंबऱ्यावर टेकल्या होत्या. तेवढ्यात शिकवणीतलं एक पोरगं गाल फुगवून त्यांच्या समोरूनच लिंबाकडं गेलं. राधाकिसनाला शिकून आता कितीतरी वर्षं झाली होती. तो मोठा माणूस झाला होता, भजनी मंडळाची पेटी तोच वाजवायचा आणि सरपंचकीला उभा राहायच्या गोष्टी चालल्या होत्या. पण त्याची विद्या अजून चालू होती.

त्या दिवशी शिकवणी सुटल्यावर भागिरथीबाईंनी मास्तरांना सगळं सांगून टाकलं. राधाकिसनापासून ते आजच्या पोरापर्यंत. मास्तर पेटीवरची धूळ फडक्यानं पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "ठाव हाय."

"कदीपासनं?"

"राधाकिसनापासनंच. खिडकीतनं दिसतं की. पानी थुकता येतं गं भागा. मी दिलेला सूर थुकून दाखवा म्हनावं."

मास्तर हसले. त्यांच्या मनात त्या पोरांना त्यांनी केव्हाच हरवलं होतं. भागिरथीबाईंना मात्र हसू आलं नाही. बोलणं खोटं नव्हतं, पण कुठंतरी काहीतरी राहत होतं. काय ते त्यांना तेव्हा सापडलं नाही. मानेला हंड्याची कळ लागलेली होती, ती चोळत त्या चुलीपाशी गेल्या.

मास्तर शहाण्णवच्या माघात गेले. सकाळी सायकलवरून कॅन उतरवताना छातीत कळ आली. जीपमध्ये घालून नगरला नेईपर्यंत रस्त्यातच संपलं. भागिरथीबाईंच्या मांडीवर डोकं होतं. शेवटचं काही बोलले वगैरे नाहीत. माणसं मरताना बोलायला मोकळी नसतात.

त्या संध्याकाळी नाही, पण दोन-चार दिवसांनी चूल पेटवावीच लागली. भागिरथीबाई भाकरी थापायला बसल्या आणि थापण्याचा तेवढाच आवाज घरात यायला लागला. त्यांनी पीठ परातीत तसंच टाकलं आणि परसात जाऊन रडल्या.

घरात तीन माणसं उरली होती, आणि तिघांचं एकच चाललं होतं, आता या शिकवणीचं काय. प्रवीण पिंपरीला कंपनीत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. "आई, घराला कुलूप लावू. तू आन् ताई माझ्याकडं चला. बाबा व्हते तवा लोक येत व्हते. ताईकडं कोन येनार?" जयमाला पंचविशीची. बापाच्या हाताखाली संगीताच्या परीक्षा दिलेल्या, शेवटची दोन वर्षं अर्धी शिकवणी तीच चालवायची. तिला गाव सोडायचं नव्हतं. पण एका सकाळी माठ घासता घासता ती हळूच म्हणाली, "आई, येक इचारू? पान्याचं सोडून दिलं तर पोरं यतील. बाबांचं नाव तरी चालू राहील."

भागिरथीबाई म्हणाल्या, "कोनचं नाव?"

जयमाला माठ घासत राहिली. तिचंही चूक नव्हतं. वर्ग टिकला तर तिचं आयुष्य इथं उभं राहणार होतं. नाहीतर भावाच्या खोलीत मोरीजवळ अंथरूण, आणि पेटी माळ्यावर.

मग जलदान विधीचा दिवस आला. लिंबाखाली मांडव घातला होता. खुर्चीवर मास्तरांचा फोटो, पुढं मेणबत्त्या. बौद्धाचार्यांनी गाथा म्हटल्या. घरच्यांनी भांड्यातलं पाणी वाटीत ओतलं, वाटी भरून वाहीपर्यंत ओतलं. विधी झाला आणि रीतीप्रमाणं लोक एकेक करून चार शब्द बोलायला उठले. वाड्यातले होते, शाळेतले शिक्षक होते, आणि गावातलेही बरेच होते, कारण सरपंच आले होते. सरपंच म्हणजे राधाकिसन. आता त्यांना अण्णा म्हणत. भागिरथीबाईही वाटेत भेटले तर अण्णाच म्हणायच्या.

अण्णांनी माईक हातात घेतला. डोळे खरंच भरले होते, त्यात नाटक नव्हतं. "मी आज सरपंच म्हणून नाही, शिष्य म्हणून उभा आहे," ते म्हणाले. "आज माझ्या बोटात जे आहे ते मास्तरांचं आहे. ज्या काळात गावातलं कोणी या वाड्यात पाऊल टाकत नव्हतं, त्या काळात मी, रतनबाईंचा मुलगा, या घरचं पाणी प्यायलो. मला त्याचा अभिमान आहे."

टाळ्या पडल्या. दुःखाच्या मांडवात टाळ्या वाजवायच्या नसतात, पण भाषण चांगलं असलं की लोकांना राहवत नाही.

अण्णांनी पुढं जाहीर केलं, की ग्रामपंचायतीच्या नव्या हॉलमध्ये मास्तरांच्या नावानं संगीत वर्ग सुरू करू. पंखा आहे, लाइट आहे. जयमालाताई शिकवतील. "आता काळ बदलला आहे," ते म्हणाले. "पाण्याबिण्याचा जुना विषय आता राहिलेला नाही. पोरं आपापली बाटली आणतील. आपण सगळे एकच आहोत."

पुन्हा टाळ्या. प्रवीणनं सुटकेचा निःश्वास टाकला. जयमालेनं आईकडं बघितलं. भागिरथीबाई पांढऱ्या लुगड्यात बायकांच्या घोळक्यात खाली बसल्या होत्या. इतक्या वर्षांत जे सापडत नव्हतं, ते त्यांना त्या घडीला सापडलं. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"राधाकिसना," त्या म्हणाल्या. माईक नव्हता, तरी मांडवभर ऐकू गेलं. अण्णा नाही, राधाकिसना. "तू पानी पिला न्हाईस."

अण्णांना वाटलं, बाईंना दुःखानं सुचेनासं झालंय. "बाई, मी रोज..."

"रोज तोंडात घ्यायचास. आनि त्या लिंबाच्या मागं थुकायचास. मी सरपनाच्या आड उभी व्हते." त्यांनी हात लांब करून झाड दाखवलं. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या, जणू अजून तिथं ओलं दिसणार होतं. गावातल्या घोळक्यात पाच-सहा जणांनी माना वळवल्या नाहीत, खाली घातल्या.

प्रवीण आईचा पदर ओढायला लागला. "आई, बस. लोक हायेत."

"लोक हायेत म्हनूनच बोलते." भागिरथीबाईंनी पदर सोडवून घेतला. "मास्तरांना ठाव हुतं, राधाकिसना. तवापासनंच ठाव हुतं. तरी शिकवलं तुला. म्हनायचे, पानी थुकता येतं, सूर थुकून दाखवा. त्यांनी माफ केलं आसंल. सूर त्यांचा हुता, माफ करायचा हक त्यांचा. पानी माझं हुतं. कदी हिरीवरनं, कदी वेशीपासनं डोक्यावरनं आनलेलं. मी माफ केलेलं न्हाई."

अण्णांच्या हातातला माईक घूं घूं करायला लागला, तो कुणीतरी काढून घेतला.

भागिरथीबाई खाली बसल्या. त्यांना जे बोलायचं होतं ते संपलं होतं. पुढचं जयमाला बोलली. ती उठून फोटोपाशी गेली आणि म्हणाली, "वर्ग सोमवारपासनं. हितंच. रीत हाय तीच राहील."

सोमवारी जयमालेनं सतरंजी घातली, पेटी मधोमध ठेवली. भागिरथीबाईंनी माठ भरला, तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला. वाड्यातली चार पोरं आली. गावातलं कुणी फिरकलं नाही. मंगळवारीही नाही. गावात जितकी तोंडं तितक्या गोष्टी होत्या. बाईला एवढा माज कशाचा, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं पारावर बोललं जायचं. ते वाऱ्याबरोबर वाड्यात यायचं. काहींचं म्हणणं असंही होतं, की बाई बोलली ते खरंच आहे. पण ते लोक हे घरात बोलायचे.

प्रवीण रजा संपवून निघाला. "पाडव्यापतूर बघतो," म्हणाला. "मग येऊन घेऊन जातो. नुस्त्या वाड्यातल्या चार पोरांवर काय चालतंय?" भागिरथीबाईंनी त्याच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "पाडव्याला ये. नेशील का न्हाई ते तवा बघू," एवढंच म्हणाल्या.

पाडवा जवळ आला. टँकर पुन्हा सुरू झाला होता, दिवसाआड. जयमाला रोज सतरंजी घालायची, वाड्यातल्या पोरांना सरगम घोटून घ्यायची आणि मधूनच रस्त्याकडं बघायची. भागिरथीबाई बघायच्या नाहीत. कुणी आलं नाही तरी त्या माठ भरून ठेवायच्या. "पोरी, आपन काय वाट बघत न्हाई," त्या म्हणायच्या. "आपन घर उघडं ठेवलंय."

पाडव्याला दोन दिवस राहिले असताना, भर चार वाजता, राधाकिसन आला. ओढ्याच्या वाटेनं नाही, सरळ रस्त्यानं, पारासमोरून. बरोबर पोरगी, सात-आठ वर्षांची, सृष्टी. राधाकिसनाच्या अंगात पांढरे कपडे, पायात चपला, आणि कपाळावर घाम. त्याच्यामागं जरा अंतर ठेवून पारावरची माणसं काहीतरी काम असल्यासारखी चालत आली होती. लिंबापाशी ती थांबली.

राधाकिसनानं चपला बाहेर काढल्या. "बाई, पोरीला शिकवायचंय," तो म्हणाला. गावातलं बोलणं आपोआप तोंडात आलं होतं. "आई लई बोलली घरी. तरी आलो."

"या," जयमाला म्हणाली.

भागिरथीबाईंनी माठातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"मला न्हवं," राधाकिसन म्हणाला. "शिकायचंय पोरीला."

"पोरगी मागनं. तुझं लई वर्सांचं राहिलंय."

राधाकिसनानं मागं वळून बघितलं. लिंबाखाली सगळं गाव नव्हतं, पण गावाला सांगायला पुरतील एवढे लोक होते. त्यानं तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि प्यायला. नरड्याची घाटी खालीवर होताना सगळ्यांना दिसत होता. तांब्या त्यानं पुढं केला.

भागिरथीबाईंनी तांब्या घेतला नाही. त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"आ कर," त्या म्हणाल्या.

पोराला औषध पाजल्यावर आई म्हणते, तसंच. सरपंचाचा चेहरा लाल झाला. क्षणभर वाटलं, तो पोरीचा हात धरून निघून जाईल, आणि गेला असता तर पेटी माळ्यावर गेली असती आणि दाराला कुलूप लागलं असतं. भागिरथीबाईंना ते ठाऊक होतं. त्या हलल्या नाहीत.

राधाकिसनानं तोंड उघडलं. उजेडाकडं मान करून, चांगलं मोठं उघडलं. भागिरथीबाईंनी टाचा उचलून आत डोकावून बघितलं, सावकाश, दोन्ही गालांत.

"बस," त्या म्हणाल्या आणि तांब्या त्याच्या हातून घेऊन पुन्हा भरला.

सृष्टीला यातलं काही ठाऊक नव्हतं. उन्हातून चालून तिला तहान लागली होती. तिनं दोन्ही हातांनी तांब्या धरला, तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत गटागटा पिऊन टाकला. मग तांब्या उलटा करून दाखवला आणि म्हणाली, "आजी, आनखी हाय का?"

माठ अर्ध्याच्या खाली आला होता आणि टँकर परवा यायचा होता. भागिरथीबाईंनी तिला तांब्या काठोकाठ भरून दिला.